शनिवारचे तास

दर ऑगस्टमध्ये माती विभागात नवी पोरं दाखल होतात, आणि पहिल्याच सकाळी आर्डिस लुंडक्विस्ट त्यांना घेऊन तळघरात उतरते. घाबरायचं कारण नाही. मातीचे नमुने ठेवायच्या खोलीला लागून तिथे एक छोटं स्वयंपाकघर आहे. एक लांब टेबल, कॉफीचं मोठं भांडं आणि कायमचा कुबट वास. आमच्या विद्यापीठात वरच्या मजल्यांवर विद्वत्ता चालते. शहाणपणाचं जे थोडंफार होतं ते या तळघरात होतं, असं आपलं माझं मत.

ही पोरं म्हणजे असिस्टंट. स्वतःची पदवी करायची आणि त्याच वेळी आठवड्याला वीस तास एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली काम करायचं. पेपर तपासायचे, प्रयोगशाळा सांभाळायची, शेतात खड्डे खणायचे. बदल्यात फी माफ आणि खोलीभाडं निघेल एवढा पगार. वीस तास काम, उरलेल्या वेळात अभ्यास आणि त्यातूनही उरलेल्या वेळात माणसासारखं जगायचं, अशी ही योजना. ज्यांनी ती आखली त्यांनी स्वतः कधी खड्डे खणले नसावेत.

आर्डिस या विभागाची सेक्रेटरी. तेहतीस वर्षं एकाच खुर्चीत. खुर्ची तीनदा बदलली, जागा तीच. नव्या पोरांना काम, अभ्यास आणि स्वतःचं आयुष्य यांची मोट कशी बांधायची ते शिकवायचं, हे तिच्या कामात कुठेही लिहिलेलं नाही. तिनं ते आपल्याच डोक्यानं सुरू केलं, आणि त्याला कारण होता लाइल नावाचा एक मुलगा.

आर्डिसला नोकरीला लागून सहा वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. लाइल दोन वर्षं रोज तिच्या टेबलासमोरून गेला, रोज तिला ‘गुड मॉर्निंग’ म्हणाला. एका सकाळी तिच्या टेबलावर प्रयोगशाळेच्या किल्ल्या होत्या आणि खाली चिठ्ठी, ‘थँक यू’. पोरगा सकाळच्या बसनं निघून गेला होता. कोणाशी भांडण नाही, नापास नाही, काही नाही. पुढे त्याचं वाईट झालं असंही नाही. तो दक्षिणेला कुठेतरी टायरच्या दुकानात लागला आणि लठ्ठ झाला, असं कळलं. पण आर्डिसच्या मनाला ते लागून राहिलं. दोन वर्षं पोरगा डोळ्यांसमोर होता, आणि तो जेवतो कुठे, कोणाबरोबर, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

तेव्हापासून तळघर. ती प्रत्येकाच्या हातात एक कागद देते. त्यावर एकशे अडुसष्ट चौकोन असतात, आठवड्याच्या तासांचे. झोप काळी करायची, काम लाल, अभ्यास निळा आणि स्वतःचा वेळ हिरवा.

“हिरव्यात ‘विश्रांती’ लिहू नका,” ती सांगते. “विश्रांती कोणीच घेत नाही, सगळे फोन बघत बसतात. तिथं माणसाचं नाव लिहा. कोणाबरोबर बसणार, कोणाशी बोलणार, ते नाव.”

“मायक्रोस्कोपसमोर सँडविच खाल्लं तर?” कोणीतरी विचारतंच.

“ते जेवण धरत नाही. त्याला मी इंधन भरणं म्हणते.”

पोरं हसतात. मग ती लिंबाच्या वड्या फिरवते आणि शेवटचं सांगते. “दर पंधरा दिवसांनी तासांचा तक्ता माझ्याकडे द्यायचा. जेवढे तास काम केलंत तेवढेच लिहायचे. खरे. पुढचं मी बघते.”

आता इथं आमच्या लोकांची एक खोड सांगितली पाहिजे. आमच्याकडे माणसं पुष्कळ गोष्टी चांगुलपणानं बोलतात आणि समोरच्यानं त्या चांगुलपणानंच सोडून द्यायच्या असतात. ‘या की एकदा जेवायला’ म्हटलं म्हणून खरंच कोणी गेलं, तर घरात पळापळ होईल. ‘काही लागलं तर सांगा’ म्हटल्यावर आजवर कोणी काही सांगितलेलं नाही. तसंच हे. ‘खरे तास लिहा’ हे सगळ्यांनी ऐकलं, मान डोलावली आणि तक्त्यात चार, चार, चार, चार, चार लिहिलं. बेरीज वीस. कापणीच्या दिवसांत पोरांच्या डोळ्यांखाली काळं आलेलं असे, तरी बेरीज वीस. प्राध्यापक न बघता सही करायचे, आर्डिस कोपऱ्यात आपल्या नावाची आद्याक्षरं टाकायची आणि कागद पगार काढणाऱ्या वरच्या कचेरीत जायचे. खोटं बोलतोय असं कोणालाच वाटत नव्हतं. आर्डिसलाही नाही, निदान फारसं नाही.

एका वर्षी तळघरात एका आगाऊ मुलीनं विचारलं होतं, “आणि तुमच्या हिरव्या चौकोनात कोण?”

“माझे गच्च भरलेत बाई,” आर्डिस म्हणाली आणि वड्यांचं ताट पुढं सरकवलं.

तिच्या चौकोनात एकच नाव होतं.

आर्डिसचा नवरा ऑरविल धान्याच्या कोठारावर कामाला होता. मार्चमधल्या एका सकाळी बर्फ उपसताना त्याचं हृदय थांबलं, त्याला आता पंधरा वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. चर्चमधल्या बायकांनी महिनाभर जेवणाची भांडी आणून दिली, मग ती भांडी धुऊन परत नेली. त्या वाईट नव्हत्या. पण चर्चच्या जेवणाला जोडपी जोडप्यांशेजारी बसतात, आणि एकट्या बाईला कुठं बसवायचं हा प्रश्न सगळ्यांनी तिच्याकडे कॉफीचं काम देऊन सोडवला. हातात किटली असली की बसावं लागत नाही. सोमवार ते शुक्रवार कामात जायचे, रविवारी प्रार्थना. खायला उठायचा तो शनिवार. ऑरविल गेल्यावर पहिलं वर्षभर ती शनिवारी सकाळी उठून दोनदोनदा किराणा आणायला जायची. एकदा साखर विसरली म्हणून, एकदा मुद्दाम विसरली म्हणून.

मग वेंडेल ब्रांडवोल्डनं तिला विचारलं. वेंडेल म्हणजे विभागातला सगळ्यांत जुना प्राध्यापक. गवताची मुळं जमिनीत किती खोल जातात यावर त्यानं सगळा जन्म घातला होता आणि त्यावरच एक जाडजूड पुस्तक तो हातानं लिहीत होता. अक्षर असं, की मुंगी शाईत बुडवून कागदावर सोडावी. ते आर्डिसशिवाय कोणाला लागत नसे.

“शनिवारी सकाळी थोडं टाइप करून देशील का गं?” त्यानं विचारलं होतं.

ते ‘थोडं’ चौदा वर्षं चाललं. नऊ ते बारा. ती नऊच्या आधी येऊन कॉफी टाकायची. तो पेट्रोल पंपावरून दोन डोनट घेऊन यायचा, तिचं चॉकलेटचं. ती टाइप करायची, तो समोर बसून वाचून दाखवायचा, आणि स्वतःचंच अक्षर लागेना की दोघं मिळून डोकं खाजवायची. मधे जॉइसच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, गुडघ्याचं दुखणं यायचं, डीनची टिंगल व्हायची, बिटाच्या पिकाचं काय झालं ते निघायचं. गावात कोणाच्या मनात काही आलं असेल तर ते त्यांनी मनातच ठेवावं. तसलं काही नव्हतं. त्याला टाइप झालेली पानं हवी होती आणि तिला पानांच्या पलीकडे बसलेलं माणूस हवं होतं. हे तास कोणत्याही तक्त्यात नव्हते. ते लिहायचे असतात असं तिच्या स्वप्नातही आलं नाही.

त्या चौदाव्या वर्षी आली मारिसेला आर्चुलेटा. न्यू मेक्सिकोच्या डोंगरातली, घरातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी, धीट आणि सरळ. तिच्या गावाकडे ‘या जेवायला’ म्हणजे चुलीवर भांडं चढलेलं असतं. तळघरात बसून तिनं हिरव्या चौकोनात रविवार दुपारी ‘आजी, फोनवर’ लिहिलं आणि बुधवार संध्याकाळी ‘चर्चमध्ये गायन’.

“तिथं नाव लिही,” आर्डिस म्हणाली.

“अजून ओळख नाही झाली कोणाशी. झाली की नावं लिहीन.”

आर्डिसला पोरगी आवडली. मारिसेलाला वेंडेलकडे दिलं तेव्हा तिला बरंच वाटलं. वेंडेल आवाज चढवत नसे, कोणाला टाकून बोलत नसे.

पण सप्टेंबरच्या अखेरीला मुळं धुवायचं काम निघालं. जमिनीतून काढलेले मातीचे लांब दांडके आणतात, त्यांचे काप करतात, एकेक काप चाळणीत धरून गार पाण्याखाली धुतात आणि उरलेली केसासारखी मुळं चिमट्यानं वेचतात. एका कापाला तास जातो. काप होते चारशे. वेंडेल पाचला डोकावायचा आणि प्रेमानं म्हणायचा, “एवढी ओळ संपवूनच टाक, मग उद्या मोकळी होशील.” आणि जेवायला घरी जायचा, कारण जॉइस सहाला वाढते. मारिसेलाचा उद्या काही मोकळा व्हायचा नाही. बुधवारचं गाणं एकदा बुडलं, दोनदा बुडलं. एका सोमवारी ती टपाल न्यायला आली तेव्हा तिची बोटं लाल आणि सुजलेली होती.

“आजी काय म्हणते?” आर्डिसनं विचारलं.

“काल फोन करता करता झोप लागली मला,” मारिसेला म्हणाली. “ती बिचारी हॅलो हॅलो करत बसली.”

ऑक्टोबरच्या मध्यावर तिचा तक्ता आला. पहिला आठवडा चौतीस, दुसरा छत्तीस. खाली वेंडेलची सही, नेहमीसारखी न बघता ठोकलेली.

आर्डिसनं दार लावून तिला समोर बसवलं.

“हे तास... नीट मोजलेस ना तू?”

“मोजले. जेवायला गेले ते वजा केलेत.” मारिसेला गोंधळली. “तुम्हीच म्हणाला होता ना, खरे लिहा म्हणून?”

“म्हणाले होते.”

“मग चुकलं का माझं? बाकीचे हसले मला. म्हणे सगळे वीसच लिहितात, आर्डिस आपलं म्हणायचं म्हणून म्हणते.” तिनं आर्डिसकडे सरळ बघितलं. “तुम्ही म्हणायचं म्हणून म्हणाला होता?”

तेहतीस वर्षांत आर्डिसला कोणी असं तोंडावर विचारलं नव्हतं. आमच्याकडे विचारत नाहीत.

“नाही,” ती म्हणाली. “तुझं काही चुकलं नाही. जा तू.”

पोरगी गेली आणि आर्डिस कागद पुढ्यात घेऊन बसली. वीसच्या वर काम घ्यायला नियमानं बंदी होती; तो वर गेला की चौकशी होणार, आणि चौकशी वेंडेलची होणार. सहीच त्याची होती. न पाठवावा तर मारिसेलाला काय सांगायचं? आणि पाठवावा तर शनिवार गेला. हे तिला तिथल्या तिथे कळलं, अगदी लख्ख. एका बाजूला दोन महिन्यांची ओळख असलेली पोरगी, दुसऱ्या बाजूला आठवड्यातले तीन तास, ज्यांच्यावर बाकीचे सगळे तास उभे होते. सल्ला विचारावा असं तिला एकच माणूस होतं, आणि त्याचीच सही खाली होती. तिनं कागद खणात टाकला.

शनिवारी वेंडेल डोनट घेऊन आला. ओलावा धरणाऱ्या मुळांचं प्रकरण चाललं होतं. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं, आणि अकरा वाजेपर्यंत तिच्यानं विषय काढवला नाही. शेवटी ती टाइप करता करता म्हणाली, “वेंडेल, मारिसेलाच्या तक्त्यात चौतीस न् छत्तीस आलेत.”

“चौतीस काय?”

“तास.”

तो हसला. मनापासून हसला. “पोरगी हळू आहे जरा. हात बसेल हळूहळू.”

“ती हळू नाही. काप चारशे आहेत.”

“अगं, मी तिच्या वयाचा असताना शेतात झोपायचो. मोजत बसलो असतो तर हे पुस्तक झालं असतं का?” त्यानं डोनटची साखर बोटानं टिपली. “तू वीस करून टाक ना. तू आहेस ना तिथं, मला काय काळजी.”

“माझ्या हातानं?”

“पेन तुझ्याकडेच असतं की!” आणि त्यानं पुढचं पान उचललं. “हां, कुठं होतो आपण?”

त्यानं हे दुष्टपणानं म्हटलं नाही, हे मला सांगितलं पाहिजे. त्याला खरंच वाटत होतं की तो सोपा उपाय सांगतोय. आर्डिस “बघते” म्हणाली. बाराला त्यानं तिचा कोट धरला, तिनं हात घातले, आणि घरी जाऊन ती स्वयंपाकघरात कोट न काढता बसून राहिली. तिला राग आला होता आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. वेंडेलवर यावा तर त्याचा स्वभाव तिला माहीत होता. मारिसेलावर येत होता, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

सोमवारी आठ वाजता तिनं तक्त्याच्या कोपऱ्यात आपली अक्षरं टाकली आणि तो स्वतः वरच्या कचेरीत नेऊन दिला. टपालात टाकला असता तर मधे विचार बदलायला दोन दिवस मिळाले असते.

फार आकाशपाताळ एक झालं नाही. आमच्याकडे कशानंच होत नाही. डीननं वेंडेलला चहाला बोलावलं. त्याच्या बाकीच्या असिस्टंटांना विचारलं तेव्हा त्यांनीही हळूहळू तिसाच्या वरचे आकडे सांगितले. वेंडेलला समज देणारं एक पत्र मिळालं. मुळं धुवायला आणखी दोन जण नेमले आणि मारिसेलाला दुसऱ्या प्राध्यापिकेकडे दिलं. जिन्यात भेटला तर वेंडेल आर्डिसला मान लववायचा. “थंडी पडली,” म्हणायचा. तीही म्हणायची, “हो, पडली.”

पुढचे दोन शनिवार तो आला नाही. हरणांच्या शिकारीचे दिवस होते, तेव्हा त्याला कारण होतं. आर्डिस दोन्ही शनिवारी नऊला गेली, कॉफी टाकली, टाइप झालेलंच प्रकरण पुन्हा तपासलं आणि बाराला भांडं धुऊन परत आली.

मारिसेला मधे एकदा हिरव्या मिरचीच्या रश्शाची बरणी घेऊन आली. चेहरा उजळला होता. आता पाचला सुटते म्हणाली, बुधवारी गाते, दोन मैत्रिणी झाल्यात, त्यांची नावं लिहिलीत चौकोनात.

“तुम्ही या ना बुधवारी ऐकायला,” ती म्हणाली. “सहाला. मी पुढं खुर्ची धरून ठेवते.”

“येईन हं कधीतरी,” आर्डिस म्हणाली.

बोलायची म्हणून बोलतेय पोरगी, असं तिला वाटलं. जन्मभर तिनं हेच ऐकलं होतं आणि हेच उत्तर दिलं होतं. मारिसेलानं तीन बुधवार पुढच्या रांगेत एका खुर्चीवर आपला कोट टाकून ठेवला. चौथ्या बुधवारी तिथं दुसरं कोणी बसलं. हे आर्डिसला महिन्यानं मारिसेलाच्या मैत्रिणीकडून कळलं, आणि तेव्हा माफी मागायची म्हटलं तरी कशी मागायची ते तिला सुचलं नाही.

तिसऱ्या शनिवारी वेंडेल आला. नऊला नाही, साडेनऊला. हातात डोनट नव्हते, एक लिफाफा होता. तो खुर्चीत बसला नाही.

“आर्डिस,” तो म्हणाला, “मी खूप विचार केला. ते पत्र आलं तेव्हा राग आला होता मला, खोटं कशाला बोलू. मग म्हटलं, पोरांचं झालं, पण आर्डिसचं काय? चौदा वर्षं ती शनिवारी येतेय, एक तास कुठं लिहिलेला नाही. मीच वरती जाऊन सांगितलं त्यांना.”

“काय सांगितलंस?”

“की तुझ्या हातून फुकट काम करून घेतलं मी.” त्याचा चेहरा लाल झाला होता. “मला कळलंच नाही गं, मी तुला इतकं राबवलं. त्यांनी हा तक्ता दिलाय. शनिवारचे तास भर, मागच्या तीन वर्षांचे तरी पैसे देतील. जास्तच लिही, कमी नको. मी सही करीन. या वेळेला बघून करीन.”

आर्डिसनं लिफाफा घेतला. “आणि पुस्तक?”

“फार्गोत एक बाई आहे, ती धंदाच करते टायपिंगचा. मी मशीनवर बोलून पाठवणार, ती टाइप करणार.”

“शेवटची दोन प्रकरणं आहेत. ती मी—”

“नाही नाही. पुरे झालं. तुझे शनिवार तुला मोकळे. तू त्या पोरांना सांगतेस तेच की हे.”

तो टोमणा मारतोय का हे तिनं निरखून पाहिलं. मारत नव्हता. टोमणा असता तर तिला बरं वाटलं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं, आणि भांडण झालं की कधीतरी मिटतंही. हा माणूस मनापासून तिचं भलं करत होता. तो जरा वेळ टोपी हातात फिरवत उभा राहिला, जॉइसनं विचारलंय म्हणून सांगितलं आणि गेला. कॉफीचं भांडं भरलेलं होतं.

आर्डिसनं तक्ता टेबलावर पसरला. तारीख, केव्हापासून, केव्हापर्यंत, कामाचे एकूण तास. सोपं होतं. वर्षाचे पन्नास शनिवार, दर शनिवारी तीन तास. छताचं काम निघालं होतं, पैसे नको होते असं नाही. तिनं पेन उघडलं आणि पहिल्या ओळीत नऊ ते बारा लिहिलं. मग शेवटच्या रकान्यात तीन लिहायला गेली आणि तिचा हात थांबला.

तीन लिहिले की ते काम झालं. मग चौदा वर्षं एक प्राध्यापक एका बाईकडून काम करून घेत होता आणि ती बाई राबत होती, एवढंच उरलं. मग बिटाच्या गप्पा, डीनची नक्कल, न लागणाऱ्या शब्दासाठी दोघांनी घातलेला वाद, हे सगळं मजुरीच्या वेळात झालेलं काहीतरी. वेंडेलला ते तसंच दिसत होतं, आज कळलं. त्याच्या बाजूनं ते कदाचित पहिल्यापासून तेवढंच असेल. ते पचवायला तिला वेळ लागला. ती बराच वेळ रडली, नाक पुसलं आणि पुन्हा पेन घेतलं. दुसऱ्याला खरे तास लिहायला लावून आपण खोटे लिहायचे हे तिला जमणारं नव्हतं. तिनं एकेक शनिवार लिहून काढला, नऊ ते बारा, नऊ ते बारा, तीन वर्षांचे सगळे, आणि प्रत्येकासमोर कामाच्या तासांत शून्य घातलं. मग बेरीज केली आणि सही केली.

मंगळवारी वरच्या कचेरीतून शेलीचा फोन आला. दोघींची वीस वर्षं फोनवर ओळख होती, प्रत्यक्षात चार वेळा भेटल्या असतील.

“आर्डिस, तुमच्या तक्त्यात काहीतरी घोळ झालाय बघा. सगळीकडे शून्य आलंय.”

“घोळ नाही. तसंच आहे.”

“पण प्रोफेसर म्हणतात तुम्ही दर शनिवारी होता तिथं.”

“होते ना. वेळ लिहिलीय मी.”

“मग काम किती तास केलंत?”

“काम नव्हते करत.”

शेली हसली. “अहो, तीन वर्षं दर शनिवारी ऑफिसात जाऊन करत काय होता मग?”

आर्डिसनं फोन या कानावरून त्या कानावर घेतला. बाहेरच्या टेबलाशी दोन असिस्टंट टपाल बघत होते, म्हणून तिनं आवाज खाली आणला.

“घरी कोणी नसतं शनिवारी,” ती म्हणाली. “म्हणून जायची.”

पंधरा वर्षांत हे ती पहिल्यांदा कोणाला तरी बोलली होती. शेली चांगली बाई होती. असल्या वेळी काय बोलायचं हे आमच्यापैकी कोणालाच शिकवलेलं नाही, तसं तिलाही नव्हतं.

“बरं,” शेली शेवटी अगदी हळू म्हणाली. “मग शून्यच ठेवू ना?”

“हो,” आर्डिस म्हणाली. “शून्यच ठेव.”